उंची आहे तीच

काम काय होतं, तर स्वयंपाकघरातला ओटा चार इंच वर घ्यायचा. बस्स. यात कुणाचा जीव जायचं कारण नव्हतं, आणि तसा तो गेलाही नाही. पण त्रुटीसाहेबांना विचाराल तर ते म्हणतील, गेला असता तर बरं झालं असतं, निदान सुटलो असतो.

त्रुटीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. तेहेतीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज तपासत होते. समास कमी सोडलाय, लाल शाईत शेरा: त्रुटी. सही रेघेच्या बाहेर गेली, त्रुटी. आणि कागदावर एक, जागेवर भलतंच असं काही सापडलं, तर मग त्या माणसाची धडगत नसे. 'कागदाप्रमाणे काम, कामाप्रमाणे कागद' हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की शिपायाच्या लहान मुलीलाही ते पाठ झालं होतं. निवृत्त होईपर्यंत त्यांचं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं. आणि खरं सांगायचं, तर हे नाव त्यांना मनातून आवडायचं.

ओट्याचं प्रकरण निघालं ते काकूंच्या पाठीतून. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्या साहेबांपेक्षा जवळजवळ वीतभर उंच. लग्नाच्या फोटोत काकू खुर्चीवर बसल्या आहेत आणि साहेब मागे ताठ उभे आहेत, ते काही हौस म्हणून नव्हे. घरातला ओटा बांधून घेतला होता साहेबांच्या आईने, स्वतःच्या मापाने, बत्तीस इंच. साहेब उंचीला थेट आईवर गेलेले. सून आली ती ही एवढी. तेव्हा कुणी म्हणालंही होतं, "ओटा जरा वर घ्या," तर सासूबाई म्हणाल्या, "सुनेने जरा वाकावं." झालं. काकू वाकल्या त्या एकतीस वर्षं वाकल्या. सासूबाई जाऊन दहा वर्षं झाली, ओटा मात्र अजून त्यांच्याच मापाचा.

शेवटी पाठीने संप पुकारला. डॉक्टरांनी काकूंना सरळ उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि म्हणाले, "ओटा कोपराच्या खाली चार बोटांवर हवा. तुमचा कुठे येतो?" काकूंनी हात खाली खाली नेत दाखवलं. डॉक्टरांनी काकूंकडे नाही, साहेबांकडे बघितलं. "गोळ्या मी लिहून देतो. पण यांनी रोज त्याच ओट्यापुढे वाकायचं असेल, तर सहा महिन्यांत मणक्याचं ऑपरेशन. आधी ओटा उंच करा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना साहेब म्हणाले, "तुझ्या मापाचा ओटा करून देतो."

काकू पायरीवरच थांबल्या. एकतीस वर्षांत साहेबांनी त्यांना असं काही लेखी सोडाच, तोंडीही दिलं नव्हतं. "खरंच?"

"अगं, चार इंचांचा तर प्रश्न."

इथवर सगळं ठीक होतं. मिस्त्री बोलवायचा, दगड उचलायचा, खाली चार इंच चढवायचे, दगड परत ठेवायचा. दोन दिवसांचं काम. पण माणसाला शेजारी असतात.

समोरच्या दारात केमिस्टकाका राहत. रंगाच्या कारखान्यात रसायनं तपासता तपासता निवृत्त झालेले, आणि आता तपासायला काही उरलं नाही म्हणून शेजाऱ्यांना तपासणारे. जिन्यात त्यांनी ओट्याची बातमी ऐकली आणि म्हणाले, "फोडणारच आहात, तर तोच जुना दगड परत बसवणार? वहिनींनी इतकी वर्षं राबावं आणि त्यांना हे? क्वार्ट्झ घ्या, क्वार्ट्झ."

"आमचा ग्रॅनाइट चांगला आहे की."

"ग्रॅनाइटला भोकं असतात. दिसत नाहीत, पण असतात. ग्रॅनाइट पितो."

"काय पितो?"

"जे सांडेल ते. चहा, तेल, लिंबू. क्वार्ट्झ काही पीत नाही. तो खाणीतून येतच नाही मुळी. कारखान्यात करतात. गारगोटीचा चुरा आणि राळ, म्हणजे रेझिन, एकत्र करून दाबायचं, भाजायचं, की तयार. शंभरात नव्वद दगड, दहा राळ. देवाने दगड केला, माणसाने त्यातल्या चुका काढल्या."

चुका काढल्या म्हटल्यावर साहेबांचे कान टवकारले. ज्या दगडातल्या त्रुटी आधीच काढलेल्या आहेत, असा दगड जगात आहे आणि आपल्या घरात नाही, हे त्यांना सहन होईना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी पिशवी घेऊन उतरत होत्या, त्या थांबल्या. "क्वार्ट्झ? अजिबात घेऊ नका हो! आमच्याकडे आहे. पांढरा शुभ्र आणला, खिडकीजवळचा उन्हाने पिवळा पडला. आणि गरम भांडं ठेवायची सोय नाही. ठेवलं की भाजतो."

"दगड भाजतो?" साहेब म्हणाले.

"दगड नाही, राळ," केमिस्टकाका घाईघाईने म्हणाले.

यानंतर त्या जिन्यात पाऊण तास जे झालं, त्याला चर्चा म्हणतात. काकू दारात कमरेवर हात ठेवून सगळं ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, दगड कुठलाही आणा. रंग कुठलाही आणा. फक्त उंच आणा."

पण उंची कुणाला बघायची होती? उंचीत काय बघण्यासारखं असतं? दगडाच्या दुकानात भिंतभर नमुने लावलेले, आणि प्रत्येकाला असं नाव की एखाद्या कवीला दुकानात बसवूनच ठेवला असावा. 'शांत धुकं', 'ओली वाळू', 'चंद्राचं दूध'. साहेबांनी 'शांत धुकं' निवडला आणि वीतभराचा नमुना घरी मागून आणला, परत करायच्या बोलीवर.

त्या नमुन्याची केमिस्टकाकांनी आठवडाभर परीक्षा घेतली. लिंबू पिळून ठेवलं. शाई ओतली. चहाचा गाळ थापला, बुटाचं पॉलिश चोपडलं. नमुन्यावर डाग म्हणून पडला नाही. रोज सकाळी काका निकाल जाहीर करत आणि साहेब वहीत टिपून घेत. आठव्या दिवशी, "आता शेवटची," म्हणत काकांनी आपला कोरडा तवा लालबुंद तापवून नमुन्यावर ठेवला. तवा उचलला तर खाली गोल, तपकिरी डाग. पुसला, घासला, खरवडला. डाग तिथेच.

"म्हणजे वरच्या वहिनींचं खरं होतं," केमिस्टकाका समाधानाने म्हणाले. शास्त्रज्ञाला काय, निकाल लागला की झालं. नमुना परत करायला दुकानात साहेबांना जावं लागलं. दुकानदाराने डागावरून बोट फिरवलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काका, हा ओट्यासाठी असतो. अग्निपरीक्षेसाठी नसतो." साहेबांनी आयुष्यभर लोकांना मान खाली घालायला लावली होती. आपली खाली घालायची कशी, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्या शरमेपोटीच त्यांनी तिथल्या तिथे 'शांत धुकं' नक्की करून टाकला.

मग आला सोसायटीचा फॉर्म. घरात काही फोडायचं तर सोसायटीची परवानगी लागते, आणि ती सेक्रेटरी देतात. साहेबांना वाटलं, अर्ज म्हणजे आपला घरचा विषय. त्यांच्या हे लक्षात नव्हतं, की बारा वर्षांपूर्वी याच सेक्रेटरींचा अर्ज त्यांनी कचेरीत चार वेळा परत पाठवला होता. अर्ज परत पाठवणारा विसरतो हो. ज्याला तो हातात घेऊन परत घरी जावं लागतं, तो विसरत नाही.

पहिल्या वेळी अर्ज परत आला, कारण शाई निळी होती. साहेबांनी काळ्या शाईत लिहिला. दुसऱ्या वेळी सेक्रेटरींनी रकाना चारवर बोट ठेवलं. 'वापरायचा माल: दगड, फरशी, लाकूड.' साहेबांनी दगडावर खूण केली होती.

"साहेब, मी चौकशी केली. यात राळ असते म्हणे दहा टक्के. मग हा दगड कसा?"

"अहो, नव्वद टक्के तर दगडच आहे!"

"तुमच्या कचेरीत नव्वद टक्के बरोबर अर्ज चालायचा का?"

 उत्तर साहेबांना येत होतं, तेच तर दुखणं होतं. घरी येऊन त्यांनी 'नव्वद टक्के दगड, दहा टक्के राळ, एकत्रित' असं जोडपत्र तयार केलं.

तिसऱ्या वेळी रकाना सात निघाला. 'मूळ लांबी, रुंदी, उंचीत बदल होणार आहे का?' साहेबांनी लिहिलं होतं: होय, उंचीत चार इंच.

"मग इंजिनियरचा दाखला लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांची संमती. आणि वार्षिक सभेत ठराव."

"सभा कधी आहे?"

"झाली की गेल्या महिन्यात. आता पुढची अकरा महिन्यांनी."

साहेब घरी आले. काकू ओट्यापुढे उभ्या होत्या. एक हात कणकेत, दुसरा कमरेवर. डॉक्टरांनी सहा महिने दिले होते, सेक्रेटरींनी अकरा. साहेबांनी नवा फॉर्म काढला, काळं पेन काढलं, आणि त्या दुपारी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर खोटं लिहिलं. रकाना सात: 'बदल होणार नाही. उंची आहे तीच राहील, बत्तीस इंच.' सोबत पट्टीने आखलेला सुबक नकाशा जोडला. लांबी, रुंदी, सिंकचं भोक, गॅसचं भोक, आणि उंची बत्तीस.  मनाशी म्हणाले, कागद काय, परवानगीपुरता. नंतर कोण येतंय टेप घेऊन?

सेक्रेटरींनी वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं आणि शिक्का मारला. साहेबांना जग जिंकल्यासारखं वाटलं. बायकोसाठी खोटं बोललो, हे त्यांना त्या रात्री दोन-तीनदा आठवलं आणि दर वेळी थोडी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी दगडवाल्याचा मिस्त्री माप घ्यायला आला. शांत माणूस, कानावर पेन्सिल. काकूंना त्याने ओट्यापुढे उभं केलं, कोपर बघितलं, "छत्तीस करू, ताई," म्हणाला आणि भिंतीवर पेन्सिलीने छत्तीस लिहिलं. काकूंचा चेहरा असा खुलला, की साहेबांनी तो बघून ठेवायला हवा होता. पण साहेबांची नजर भिंतीवर.

"हे काय? भिंतीवर लिहून काम करता तुम्ही?"

"काका, आम्ही असंच करतो. चुकत नाही."

"भिंत म्हणजे कागद आहे का? उद्या ही टाइल काढली की तुमचं माप गेलं कचऱ्यात! थांबा." आणि साहेबांनी आतून फाइल आणली. तिच्यात ओट्याचा एकच नकाशा होता, सुबक, शिक्क्याचा. त्याची प्रत त्यांनी मिस्त्रीच्या हातात ठेवली. "हे घ्या. यापुढे कागदाप्रमाणे काम."

त्या कागदावर काय लिहिलं होतं, ते त्यांनी बघितलं नाही. आता तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, शिक्का मारलेला, स्वतःच्या हातचा कागद परत तपासायची वेळ त्या माणसावर तेहेतीस वर्षांत कधी आली नव्हती. तपासायचे ते दुसऱ्याचे.

जुना ओटा फुटला तो दिवस सोडून देऊ. त्या धुळीचं वर्णन करायला बसलो तर अजून खोकला येईल. स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीत आलं, म्हणजे गॅस एका बुटक्या स्टुलावर आला आणि भांडी न्हाणीघरात. उंच ओट्याच्या वाटेवर काकू आता आधीपेक्षाही खाली वाकू लागल्या. आठ दिवस म्हणालेला मिस्त्री तिसऱ्या आठवड्यात फोन उचलेनासा झाला. एके सकाळी काकू भाताचं पातेलं उतरवायला वाकल्या त्या तशाच राहिल्या. सरळ होता येईना. साहेबांनी आणि केमिस्टकाकांनी दोन्हीकडून धरून त्यांना पलंगावर आणलं, एखादं कपाट हलवावं तसं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी धुळीवर ढकललं.

काकूंची बहीण येऊन त्यांना घेऊन गेली. गाडीत बसताना काकूंनी विचारलं, "उंचीचं सांगितलंय ना नीट?"

"सगळं कागदावर आहे," साहेब म्हणाले. "तू फक्त बरी हो."

दोन दिवसांनी मिस्त्रीचा फोन आला तेव्हा साहेब खाली अंगणात सेक्रेटरींशी भांडत होते. जुन्या ओट्याचा राडारोडा सामाईक जागेत पडला, म्हणून सेक्रेटरींनी नोटीस काढली होती आणि तिची प्रत वाचून दाखवत होते. मुद्दाम मोठ्याने.

"काका, दगड मशिनवर चढवलाय," मिस्त्री म्हणाला. "एकदा विचारून घेतो. हा घरी आणून कापता येत नाही, धूळ छातीत बसते. इथे पाणी मारून एकदाच कापायचा. बाजूचे उभे पायही याच दगडाचे आहेत, तेव्हा कमीजास्त झालं तर मग इलाज नाही. मला भिंतीवर वेगळं लिहिल्यासारखं आठवतंय, आणि कागदावर..."

"भिंतीचं नाव काढू नका!" सेक्रेटरींवरचा सगळा राग साहेबांनी फोनमध्ये ओतला. "कागदावर आहे तसंच! एक सूत इकडेतिकडे झालं तर मी माल परत पाठवीन!"

"तसंच ना? नक्की?"

"नक्की म्हणजे? शिक्का आहे त्याच्यावर!"

"बरं, काका," मिस्त्री म्हणाला. आणि दगड कापला गेला.

दगड आला, तर तो लिफ्टमध्ये जाईना. चार माणसांनी जिन्याने चढवला. वर आणल्यावर कळलं की टाइलचं सिमेंट अजून ओलं आहे, म्हणून समोरच्या भिंतीला टेकवून ते निघून गेले. समोरची भिंत म्हणजे केमिस्टकाकांची. त्यांचा जाळीचा दरवाजा बाहेर उघडणारा. दीड दिवस काका जाळीच्या आत आणि क्वार्ट्झ बाहेर. दूध, वर्तमानपत्र जाळीतून आत द्यायचं आणि काकांनी आतून व्याख्यान द्यायचं. "बघा, एवढा वजनदार, पण एक ओरखडा नाही!" शेवटी शेवटी मात्र त्यांचाही आवाज बारीक झाला होता. वरच्या वहिनी येता-जाता म्हणायच्या, "मी सांगितलं होतं, घेऊ नका."

बसवायचा दिवस उजाडला. मिस्त्रीने उभे पाय रोवले, वर फळी चढवली, चिकटद्रव्य भरलं, सांधा असा मिटवला की नखाला लागेना. साहेब टेप, नकाशा आणि लाल पेन घेऊन पुढे झाले. लांबी? जुळली, खूण. रुंदी? जुळली, खूण. सिंकचं भोक, गॅसचं भोक, कडेची गोलाई. खूण, खूण, खूण. उंची? टेप जमिनीला लावला, वर वाचलं, कागदावर वाचलं. बत्तीस आणि बत्तीस. जुळली. खूण.

तेहेतीस वर्षांत त्यांच्या हातून इतका निर्दोष कागद गेला नव्हता. त्यांनी सही केली. मिस्त्री गेल्यावर ते ओट्याला टेकून उभे राहिले. हात कसे आपोआप दगडावर विसावले. ना खांदे वर, ना कंबर खाली. काय ओटा झालाय, त्यांना वाटलं, किती सोयीचा! त्यांनी तिथेच उभं राहून चहा प्यायला, थोडा मुद्दाम सांडला आणि पुसला. डाग नाही.

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. पट्टा बांधलेला, पावलं जपून टाकत. साहेब स्वयंपाकघराच्या दारात बाजूला झाले. काकू आत गेल्या. धुक्याच्या रंगाचा तो ओटा खिडकीच्या उजेडात नुसता चमकत होता. काकू हसल्या, पुढे झाल्या, तळवा दगडावर ठेवला.

आणि वाकल्या.

मग सरळ झाल्या. सरळ झाल्यावर तळवा दगडावरून सुटला. पुन्हा ठेवला, पुन्हा वाकल्या. हे त्यांनी तीनदा केलं, आणि मग हळूच विचारलं, "अहो, चार इंच कुठे गेले?"

साहेबांनी टेप आणला. बत्तीस. टेपच सदोष असेल म्हणून दुसरा आणला. बत्तीस. मग फाइल उघडली. मग त्यांनी तो कागद बघितला. उंची आहे तीच राहील. खाली त्यांची सही, शेजारी लाल खूण, तीही त्यांचीच.

काकूंनी कागद वाचला. त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी कागद घडी घालून फाइलमध्ये नीट परत ठेवला आणि ओट्यावरून हात फिरवला. "छान आहे," त्या म्हणाल्या. "डाग पडत नाही म्हणे." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, मी विचारलं होतं. कागदाप्रमाणे काम केलंय. आता उचलायला गेलो तर तडकेल."

साहेबांनी फोन ठेवला. असा दगड, की ज्यावर शाई टिकत नाही, लिंबू टिकत नाही, आणि त्यांची चूक मात्र जन्मभर टिकणार. संध्याकाळपर्यंत सल्ले आले. वरच्या वहिनी म्हणाल्या, वर लाकडी फळी ठोका. केमिस्टकाकांनी खूप विचार करून सांगितलं, की ओटा वर जात नसेल तर जमीन खाली न्या, काकू उभ्या राहतात तेवढीच चार इंच खणायची. खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर काय पडेल, हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

आणि मग सेक्रेटरी आले. टेप घेऊन. अर्जाप्रमाणे काम झालंय का, हे तपासण्याचा सोसायटीला हक्क असतो. त्यांनी गुडघे टेकून उंची मोजली, दोनदा मोजली, आणि त्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची वाट बघून घास तोंडाशी आलेला, आणि हा माणूस कागदाप्रमाणेच वागलेला!

"मला वाटलं होतं, तुम्ही गुपचूप वाढवणार," ते अगदी मनापासून म्हणाले. "माफ करा, साहेब. कागदावर एक आणि जागेवर तेच. असा सभासद मी बघितला नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथे काम नियमानुसार पूर्ण झाल्याचा दाखला लिहून दिला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रात्री कुणी जेवलं नाही. साहेब स्वयंपाकघरात एकटेच बसून राहिले. सासूने सुनेला वाकवलं ते स्वतःच्या हयातीत. मुलाने ते दगडात कोरून ठेवलं.

सकाळी काकूंची हाक आली. "अहो, इकडे या जरा."

साहेब गेले. काकू ओट्याजवळ उभ्या होत्या. "उभे राहा इथे. असं नाही, ओट्याकडे तोंड करून. सरळ. आता हात कोपरात दुमडा."

साहेबांनी दुमडला. काकूंनी त्यांच्या कोपराखाली आपली बोटं लावली. एक, दोन, तीन, चार. चौथ्या बोटाखाली दगड.



"डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालंय की," काकू म्हणाल्या. "माप फक्त तुमचं आहे."

"अगं, पण मला तर साधा..."

"एकतीस वर्षांपूर्वी मला तरी कुठे येत होतं?" बोलता बोलता काकूंनी बाहेरच्या खोलीतली उंच पाठीची खुर्ची ओढत आणायला घेतली. साहेब धावले आणि त्यांनी ती आणून ओट्याशेजारी ठेवली. काकू हळूहळू बसल्या. "तो कांदा घ्या. सोला. सुरी तिकडे."

साहेबांनी कांदा सोलला. चिरला. बोट कापता कापता राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी ताट पुढे केलं. काकूंनी चष्मा लावला, एक फोड उचलून उजेडात धरली, दुसरी उचलली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

"ही जाड, ही बारीक," त्या म्हणाल्या आणि ताट परत सरकवलं. "त्रुटी."

साहेबांनी मुकाट्याने दुसरा कांदा घेतला. काकू खुर्चीला पाठ टेकून बसल्या होत्या, त्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षांत पहिल्यांदाच सरळ.